खिळ्यावरची साखळी

३ मे, शनिवार

सगुणने आज पोरीला मारलं. पट्ट्याने. पाठीवर, मांडीवर, हातांवर — ती तोंड झाकून बसली म्हणून तोंड तेवढं वाचलं. मी मध्ये पडले तर मलाच ढकललं. माझं कोपर मेजाच्या कडेवर आपटलं. लिहिताना ठणकतंय.

कारण काय? जेवताना सेजल म्हणाली, "पप्पा, बारावी झाली. आता माका लाइनीचा काम शिकूचा असा. खांबावरचा." एवढंच! आधी कढीचा वाडगा भिंतीवर गेला. मग पट्टा निघाला.

"तुज्या आज्याक खांबान खाल्ल्यान, तां पुरां नाय झाला?" ओरडत होता आणि मारत होता, मारत होता आणि ओरडत होता. पोटचा मुलगा माझा. लहानपणी पायाखाली मुंगी आली तर रडायचा.

भिंतीवरचा कढीचा डाग अजून पुसलेला नाही. हळद जात नाही.

४ मे

वळ निळे पडले. खोबरेल लावलं. पोर म्हणाली, "आजी, तरी शिकतलंयच."

६ मे, मंगळवार

सगुण ट्रक घेऊन गेलाय. घर मोकळं श्वास घेतंय.

सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजला, गरम उंडे घेतले, चहात बुडवून दोघींनी खाल्ले. मग सेजलने माझ्यापुढे तीन वाटा मांडल्या, वकिलासारख्या. पहिली — डिचोलीची आयटीआय. दोन वर्षं वायरमनचं शिक्षण, पुढे वीज खात्यात अप्रेंटिस. दुसरी — म्हापशाचं एक खासगी केंद्र, दीड महिन्यात सर्टिफिकेट. तिसरी — कंत्राटदाराची गँग. शिकवणं काही नाही, पहिल्या दिवसापासून काम.

"तुका खंयचा बरा दिसता?" मी विचारलं.

"डिचोलीचा. थंय आवारात खांब उभे केलेले असत. पयल्यांदा मेलेल्या लाइनीवर शिकवतत, मगे जित्या."

डिचोलीला जायचं म्हणजे मयेला राहायचं. आईकडे. पेडण्याची आयटीआय घराजवळ, पण तिचं नाव तिने घेतलं नाही. मीही विचारलं नाही.

तिची आई, रूपाली, सगुणचा मार सोसवेना म्हणून मयेला माहेरी गेली ती गेलीच. सेजल तेव्हा सहावीत होती. शाळेसाठी मागे राहिली, असं आम्ही लोकांना सांगतो. खरं म्हणजे सगुण दारात कोयता घेऊन उभा होता. "तू जा. चेडू हलला तर दोगांकय तोडीन." रूपाली एकटीच बसमध्ये चढली. तेव्हापासून ही पोर माझ्या कुशीत वाढली. आता तिला जाऊ दे म्हणायचं, तर जीभ रेटत नाही.

हिचा आजा, पांडुरंग, असता तर काय म्हणाला असता?

तो मला पहिल्यांदा दिसला तो आंब्याच्या झाडाआडून. म्हापशाच्या कॉन्व्हेंटात मी दहावीत. वादळाने फांदी तारांवर पडलेली, दोन दिवस दिवे नव्हते. सिस्टर ओलिंदा व्याकरण शिकवत होती आणि मी जनेलातून बाहेर बघत होते. खाली एक काळासावळा मुलगा, अनवाणी, खांद्यावर लोखंडी साखळी. तिचं एक टोक त्याने जमिनीत ठोकलेल्या सळीला बांधलं, दुसरं गरगर फिरवून वर फेकलं. खळ्ळकन तारांवर पडलं. मगच तो चढला. "Eyes on your book, Yashoda!" सिस्टर ओरडली. सगळ्या मुली हसल्या. त्यानेही वरून खाली बघितलं.

लग्नानंतर एकदा विचारलं, लाइन बंद करून घेतलेली असते ना, मग साखळी कशाला? म्हणाला, "बंद करणारो माणूस असा, यशोदा. माणूस चुकता. साखळी चुकना नाय. वीज खंयसूनय येवंदे, ती जमनीत व्हरता. माका सोडता."

ती साखळी अजून माझ्या खोलीत खिळ्यावर आहे. गंजू नये म्हणून दर वर्षी तेल लावते.

९ मे, शुक्रवार

सेजलला घेऊन म्हापशाला गेले. बाजाराचा दिवस. मिरच्या, सुकी मासळी, केळ्यांचे घड — गर्दीत पाय ठेवायला जागा नाही. ते केंद्र चपलांच्या दुकानाच्या वर. एक गृहस्थ, गळ्यात टाय, थंड पाणी दिलं. भिंतीला मोठा टीव्ही.

सेजलने इकडे तिकडे बघितलं. "सर, खांब खंय असा?"

"आमचं सगळं स्क्रीनवर असतं, मॅडम. एकदम मॉडर्न."

"शॉक लागतलो तोय स्क्रीनवर?"

मला हसू आवरेना. जिना उतरेपर्यंत दोघी हसत होतो. एक वाट तरी मिटली.

आणि मग बस स्टँडवर तो दिसला. कृष्णनाथ. पेडण्याच्या बसच्या रांगेत, काठीवर भार टाकून. सेजल सरळ त्याच्याकडे गेली! म्हणजे ओळख आधीची आहे. हातवारे करून बोलत होती, तो मान डोलावत होता. माझ्याकडे वळून म्हणाला, "वयनी, चेडवाक डिचोलीक घाला. बरां शिकात."

मी तोंड फिरवलं. तीस वर्षांवर गेली, मी या माणसाशी बोललेली नाही. वीजबिलाच्या खिडकीवर मी नोकरीला होते — पांडुरंगाच्या जागी दिलेली नोकरी — तिथे हा बिल भरायला आला की मी उठून आत जायची.

बसमध्ये सेजलला सांगितलं. सगळं. आजवर सांगितलं नव्हतं.

गावची जत्रा. दशावतार रंगात आलेला आणि दिवे गेले. भाड्याचा जनरेटर आणलेला, त्याचा माणूस पिऊन पडलेला. लोक घरी आले, पांडुरंगाला ताटावरून उठवून नेलं. हातही धुऊ दिला नाही. पिशवी घरी राहिली, साखळी घरी राहिली. "चड! चड! देवाचो खेळ रवलो!" कोणी नारळाची करवंटी मारली, कोणी खडा. कृष्णनाथ तेव्हा सबस्टेशनवर ड्युटीला. त्याला फोन करून लाइन बंद करून घेतली आणि पांडुरंग चढला. मी खाली, गर्दीत.

एकदम देवळाचे दिवे लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या! टाळ्या वाजत होत्या आणि माझा माणूस वर तारेला चिकटून थरथरत होता. दिवे लगेच गेले. टाळ्या नंतर थांबल्या.

कृष्णनाथाने लाइन चालू केली. दुसरं काय? दिवे लागलेले सगळ्यांनी पाहिले. दुसऱ्या दिवशी गावाने त्याला सबस्टेशनातून ओढून काढला आणि पहारीने पाय मोडला. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

सगुण दहा वर्षांचा होता. दिसेना म्हणून शोधाशोध झाली, तर देवळामागे अंधारात बसलेला. मुठी आवळलेल्या. कितीतरी वेळ त्या उघडेनात. नंतर महिनाभर बोलला नाही.

सेजलने सगळं ऐकलं. जनेलाबाहेर बघत म्हणाली, "कृष्णनाथ काका म्हणता, तेणा लाइन घालूक नाय."

"मेलेलो माणूस उठान खोटां म्हणतलो नाय, म्हणान तो म्हणता!" मी इतकी जोरात बोलले की कंडक्टरने वळून बघितलं.

१३ मे, मंगळवार

कोणीतरी सगुणला सांगितलं, तुझी मुलगी कृष्णनाथाकडे विजेचं शिकायला जाते म्हणून. ट्रक भर रस्त्यात सोडून हा त्याच्या घरी गेला. त्याचीच काठी हिसकावून त्याच्याच पाठीत मोडली. मग बुक्के. पुढचे दात गेले. अंगणात रक्त, तुळशीच्या पेडीवर रक्त. शेजारी बघत उभे. कोणी हात धरला नाही — जुना हिशेब, म्हणाले असतील.

सेजल तिथेच होती. तिने सांगितलं. म्हातारा खाली पडून म्हणत होता, "मार, बाबा. तुजो बापूस गेलो, तुजो हक्क असा. पण लाइन मी घातलंय नाय."

"तां वाक्य ऐकला आणि पप्पा पिसो झालो," सेजल म्हणाली. "लाथेन मारूक लागलो. आजी, पप्पाच रडी होतो मारताना."

१४ मे

कृष्णनाथाने पोलिसांत तक्रार दिली नाही. का दिली नाही? सबंध दिवस हाच विचार. गुन्हेगार मन, दुसरं काय.

१७ मे, शनिवार

बाबली आला. दोडामार्गकडचा, एका वीज कंत्राटदाराच्या गँगचा मुकादम आणि सगुणच्या बाटलीचा सोबती. कदेलावर पाय पसरून बसला.

"चेडवाक लाइनीचोच नाद असा मां? मगे माज्याकडे घाल. दोन वर्सां इस्कोलात खुरशी घासून कोण लाइनमन जाता? हातान शिकूचा."

सगुण म्हणाला, "खांबावर चडूक दिवचंय नाय."

"चडता कशाक? खाली रवात. दोरी धरीत, सामान दीत. जमनीर असलेल्याक काय जाता? वर चडलेलोच मरता!" आणि हसला. माझ्यासमोर. पांडुरंगाच्या फोटोखाली बसून.

सगुण हसला नाही, पण चेहरा सैल झाला. तेव्हा मला कळलं. याला पोरीने शिकू नये असं नाही — चढू नये. आयटीआयत चढायला शिकवतात. बाबलीकडे शिकवत नाहीत, म्हणजे ती जमिनीवर राहणार, म्हणजे जगणार. असा त्याचा हिशेब. मारतो तोही याच भीतीने. कळलं म्हणून वळ कमी दुखतात थोडेच!

सेजल ताडकन म्हणाली, "मी डिचोलीक जातलंय."

हात उठला. मी ओरडले. बाबलीच म्हणाला, "मारामारी कशाक? रवळनाथ असा मां. कौल घेया."

१९ मे, सोमवार

कौल झाला. उजवा.

काय लिहू! आमच्या गावात लग्न, विहीर, नोकरी, सगळं रवळनाथाला विचारून. गुरव देवाच्या छातीवर ओल्या कळ्या लावतो. घरातल्या पुरुषाने प्रश्न मांडायचा. उजवी कळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. नन्सनी शिकवलेली मी, पण लग्न होऊन आले त्या वर्षापासून त्या पायरीवर डोकं टेकते. विश्वास आहे की सवय, आता वेगळं करता येत नाही.

मला वाटलं होतं सगुण विचारेल — डिचोली की बाबली? त्याने विचारलं, "चेडवाक बाबलीकडे घालू?" एवढंच. डिचोलीचं नावच नाही. देवाला जे विचारलं नाही त्याचं उत्तर देव कसा देणार?

उजवी कळी टपकन पडली. बाबली म्हणाला, "जाला! देवान लाइन क्लियर दिल्यान!"

सेजल माझ्याकडे बघत होती. मी बोलू शकले असते. बाबलीकडे गेली तर संध्याकाळी घरी येईल, माझ्या हातचं जेवेल, मयेला जाणार नाही — हे मनात आलंच. मी गप्प राहिले.

२० मे

गेली. डोक्यावर पिवळं हेल्मेट, कोणाचं तरी जुनं. आत दुसऱ्याच्या तेलाचा वास.

२४ मे, शनिवार

तीन दिवस झाले, वादळ चालूच. सगळीकडे झाडं तारांवर. सेजल चिखलात माखून येते, आंघोळ करता करता झोपते. काय शिकली विचारलं तर म्हणते, "शिव्यो." हातमोजे नाहीत. पट्टा एकच, जो चढेल त्याने बांधायचा.

आज कपाळ फुटून आली! एका गावात दोन दिवस वीज नव्हती. हे झाड कापायला गेले तर लोकांनीच गाडी अडवली. "आता येतां? फ्रीजातलां मासां कुसलां!" शिव्या, मग ढकलाढकली, मग दगड. एकाने ड्रायव्हरला बाहेर ओढून नाल्यात बुडवून धरला. पोरं त्याला सोडवेपर्यंत तो निळा पडला होता. एक दगड सेजलला. आणि मग त्याच लोकांनी, "चडा, बेगीन चडा!"

तेच शब्द. त्याच तोंडांनी. मी तिच्या कपाळावर पट्टी बांधली.

तिला मात्र त्यातही एक हसायचं सापडलं. विठू नावाचा मुलगा आहे गँगमध्ये, सावंतवाडीकडचा. दगड चालू असताना ओरडत होता म्हणे, "मारा, मारा! हेल्मेट एकच असा, नेम धरून मारा!" तिला लाइनवाली बाय म्हणतो. काल तिच्याबरोबर माझ्या हातचे पातोळे नेलेले, तर हळदीच्या पानासकट खायला निघाला.

३१ मे, शनिवार

विठू मेला.

केरीला. एका गेस्ट हाऊससमोरच्या खांबावर. सेजल खाली, दोरी धरून. लाइन बंद होती, बाबलीने स्वतः फोन करून बंद करून घेतली होती. विठू वरून काहीतरी चेष्टा करत होता. वाक्य अर्धं राहिलं.

"आजी, तो ओरडलो नाय. दात वाजले. नुसते दात." पुन्हा पुन्हा तेच सांगते. हाताची कातडी तारेला चिकटलेली. डोक्यावरून धूर. हिने सुका बांबू उचलून मारला, मारतच राहिली, तेव्हा तो सुटला आणि पट्ट्यावर उलटा लोंबला. उतरवला तोवर संपलेला. गेस्ट हाऊसवाल्यांना वीज हवी होती, त्यांनी आपला जनरेटर चालू केला होता. घरातली वीज उलटी तारेत चढली.

बाबली तिला काय म्हणाला? "पोलिसांक सांग, पाय घसारलो. जनरेटराचा नाव घेशीत तर गेस्ट हाऊसवालो आमका उद्या उभो करूचो नाय."

सगुण आला. मला वाटलं, आता मारणार. नाही. तिच्यापुढे जमिनीवर बसला. इतक्या हळू आवाजात बोलला की मी चुलीकडून पुढे आले.

"लाइन बंद होती?"

"होती."

"साखळी टाकलेली?"

"खंयची साखळी?"

जन्मापासून ती खिळ्यावर बघते ही पोर! तिला ती आज्याची आठवण वाटायची, देवघरातल्या टाकांसारखी. गँगमध्ये कोणी साखळीचं नाव काढलं नव्हतं.

सगुणने विचारलं, "जनरेटर कसो होतो? चावयेचो, काय दोरी ओढूचो?"

काय हा प्रश्न! पोर बावरली. "माका काय म्हायत, पप्पा?"

तो उठून अंगणात गेला आणि ओकला. दारू नव्हती प्यायलेली.

२ जून, सोमवार

आज मी माणसाला मारलं. माझ्या मुलाला.

बाबली सकाळीच आला — उद्यापासून सेजलला कामावर पाठव म्हणाला. दोन दिवस झाले नाहीत विठूला जाळून! सेजलने दारातूनच सांगितलं, "मी डिचोलीक जातलंय. आणि पोलिसांक जनरेटराचा सांगून इलंय."

बाबली पांढरा पडला. मग सगुणकडे वळला. "कौल उजवो दिल्यान देवान. मोडतंस? मोड. मगे घरात आणि एक मडां पडला तर माका सांगू नको!"

बस्स, हे ऐकलं आणि सगुणच्या अंगात काहीतरी शिरलं. आधी बाबलीला धरला, डोकं चौकटीवर आपटलं — एकदा, दोनदा. बाबली रक्त गाळत पळाला. मग हा सेजलवर आला. गळाच धरला. "कौल मोडूचो नाय! देव सोडना नाय! तुका म्हायत नाय, तो सोडना नाय!" डोळे उलटे. पोरीचे पाय जमिनीवर घासत होते.

मी खोलीत गेले. साखळी काढली. दोन्ही हातांनी त्याच्या पाठीवर घातली. पहिल्याने सुटला नाही. दुसऱ्याने सुटला. तिसऱ्यांदा कशाला मारली माहीत नाही. मारली.

तो वळला. मला वाटलं, आता माझी पाळी. त्याने साखळी पाहिली. माझ्याकडे नाही — साखळीकडे. आणि गुडघ्यांवर बसला, लहानपणी बसायचा तसा. मुठी आवळलेल्या.

सदऱ्यावर रक्त आणि तेल. माझ्या हातांनाही तेलाचा वास. साबणाने जात नाही.

३ जून

सेजलच्या गळ्यावर पाच बोटं. तिला म्हटलं, जा, आजच जा मयेला. "जातलंय. पण कौल परतव. नायतर उद्या कोण शेजारी जरी मेलो, तरी पप्पा माका व्हडूक येतलो." वय लहान, पण बापाला माझ्यापेक्षा जास्त ओळखते.

५ जून, गुरुवार

गुरवाकडे गेले. सांगितलं, कौल परत करायचाय. ओटीवर बसून सुपारी कातरत होता.

"तुमी नाय करूक शकनास. जेणा मागलो, तेणाच परत करूचो. गाव जमवन, गाऱ्हाणां घालून. आणि कित्याक मागलो, तां खरां सांगूचा. सगळां. अर्धां सांगला तर देव घेना नाय."

"तो सांगात?"

"तां तेका इचारा, वयनी."

डिचोलीचे प्रवेश येत्या मंगळवारी बंद होतात.

६ जून

सगुणला सांगितलं. ट्रकवर गेला नाही, प्याला नाही, जेवला नाही. ओटीवर बसून आपल्या तळहातांकडे बघतो.

८ जून, रविवार

संध्याकाळी माझ्या खोलीत आला. उंबऱ्यावरच उभा राहिला. "आये, उद्या गाव जमयतंय. गुरवाक सांगलंय."

म्हटलं, बरं केलंस बाबा.

"बरां म्हणू नको," म्हणाला. "उद्यापर्यंत काय म्हणू नको." आणि मग — "कृष्णनाथाकय बोलवलंय."

त्या माणसाला कशाला? मी विचारलं. तो गेला होता.

९ जून, सोमवार

सेजलची बॅग देवळाच्या पायरीवर. तिथूनच म्हापशाची बस, पुढे डिचोली. साखळी मी तिच्या बॅगेत घातली.

गुरवाने गाऱ्हाणं सुरू केलं. प्रत्येक वाक्याला सगळा गाव, "व्हय म्हाराजा." मग सगुणला म्हणाला, आता तुजा तू सांग.

"बा देवा रवळनाथा, त्या जत्रेक लायट गेली. दशावतार रवलो. देवळामागे जनरेटर होतो, दोरयेचो. माका खेळ बघूचो होतो. दोरी मी ओढलंय. दिवे लागले ते माजे. कृष्णनाथान लाइन घालूक नाय. बापूस माज्या हातान मेलो, तेचो भंय धरून मी चेडवाचो कौल मागलो. तो परत घे."

कोणी काही म्हणेना. गुरवसुद्धा नाही. कळ्या देवाच्या छातीवर तशाच.

मग मागून, दारापाशी, एकट्याचा आवाज. घोगरा, दात नसलेला.

"व्हय म्हाराजा."

त्याच्यानंतर मी म्हटलं.